गाणं कोण थांबवतं

क्युरपिप,
रविवार, ५ जून १९६६

ताई,

आईने तुला बोलावलं आहे. हे मी पहिल्याच ओळीत लिहितो, नाहीतर मी इतर गोष्टी लिहीत बसेन आणि हे राहून जाईल. तिच्या गळ्याला लिंबाएवढी सूज आहे. सतरा ऑगस्टला, बुधवारी, ऑपरेशन ठरलं आहे. डॉक्टर म्हणाले, जिवाची काळजी नको, पण आवाज परत येईलच असं सांगता येत नाही. आईने मला जवळ बसवून घोगऱ्या आवाजात सांगितलं, "इंद्राणीला लिही. त्याच्या आधी एकदा येऊन जा म्हणावं."

बाबांनाही विचारलं. ते चहाच्या कारखान्यातून येऊन पाय धूत होते. म्हणाले, "मी कुनाला बोलावनार नाय. दार उघडं असतं. ते मांजराला पन उघडं असतं." हे लिहू की नको यावर मी दोन दिवस घालवले. पण खोटं लिहून तुला आणलं आणि तू दारात उभी राहिल्यावर ते असंच काही बोलले तर?

तू रॉबेर यांच्याशी, एका मासेमाराशी, लग्न करून ख्रिस्ती झालीस आणि बेटाच्या किनाऱ्यावर माएबूर्गला गेलीस, त्याला सप्टेंबरात पाच वर्षं होतील. त्यानंतरचं हे माझं पहिलं पत्र. पत्ता शेजारच्या पुष्पाकाकींनी दिला. त्या तिकडून खारी मासळी आणतात आणि तू बरी आहेस एवढंच सांगतात. तू शिकवलंस तसं आधी वहीत लिहून मग या कागदावर उतरवतो आहे. संध्याकाळच्या बैठकेत मराठीची माझी तीनच पुस्तकं झाली, तेव्हा चुका राहिल्या असतील. रॉबेर यांना काय म्हणून नमस्कार लिहायचा ते ठरवता आलं नाही. म्हणून नुसता नमस्कार.

आता दुसरी गोष्ट. मी हरिलाल मिस्त्रींच्या दुकानात पेट्या दुरुस्त करतो. त्यांनी मला वरच्या रस्त्यावरच्या चर्चमध्ये पायपेटीच्या कामाला पाठवलं. तू जायचीस तेच. ओलीने पट्ट्या फुगल्या आहेत आणि एक सूर कुणी न दाबता वाजत राहतो. शुक्रवारी पाच वाजता मी पेटीमागे बसून भात्याचं चामडं चिकटवत होतो, तेवढ्यात पंधरा-सोळा बाया आणि दोन म्हातारे आले. मी उठू लागलो तर तिथले पाद्री, मोंपेर, म्हणाले, बस, आज पेटी लागत नाही.

मग त्यांनी एक ओळ गायला सुरुवात केली. फ्रेंचमध्ये होती. अर्थ असा, की आम्ही इथे आहोत प्रभू, तूही इथे आहेस. एवढंच. पुन्हा तीच. पुन्हा तीच. टाळ नाही, टाळी नाही. आवाज चढला नाही, लय वाढली नाही. मला वाटलं, हे लोक पुढचं कडवं विसरले आहेत. आणि मग सगळे एकदम थांबले. मी पेटीवरून वाकून पाहिलं. कुणी हात केला नव्हता, मानही हलवली नव्हती. आपल्या भजनात बाबा लय चढवतात, टाळ हाणतात, तेव्हा आंधळ्यालाही कळतं की संपलं. इथे त्यांना कसं कळलं?

तू आता त्यांच्यातली आहेस, तुला माहीत असेल. गाणं कोण थांबवतं?

तुझा भाऊ,
यशपाल


क्युरपिप,
रविवार, १९ जून १९६६

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. पत्र पोचलं नसेल असं धरून पुन्हा लिहितो, आईने तुला बोलावलं आहे, ऑपरेशन सतरा ऑगस्टला आहे.

पायपेटीचं काम दोन दिवसांचं होतं. ते मी तिसऱ्या आठवड्यात नेलं. चामडं जूनच्या या थंडीत लवकर वाळत नाही असं मिस्त्रींना सांगितलं. ते खरं आहे, पण इतकं खरं नाही. शुक्रवारी पाच वाजता तिथे असावं म्हणून मी ते करतो.

मी एका फळीवर पेन्सिलीने रेघा ओढून मोजलं. पहिल्या शुक्रवारी चौदा वेळा, मग बावीस, मग त्याच दिवशी दुसरी ओळ नऊ वेळा. काही हिशेब बसत नाही. आधी वाटलं, मेणबत्तीवर ठरत असेल. ती तशीच जळत राहते. मग वाटलं, मोंपेर हळूच खोकत असतील. परवा ते नव्हतेच, तरी गाणं थांबलं. मग पहिल्या बाकावरच्या मादाम एलियान यांच्यावर नजर ठेवली. त्या पांढऱ्या केसांच्या, कपडे इस्त्री करणाऱ्या बाई आहेत. त्या छत्री या हातातून त्या हातात घेतात तेव्हा थांबत असेल, असं एकदा जमलं. दुसऱ्या वेळी छत्री फिरली आणि गाणं पुढे सात वेळा चाललं.

त्यांनी मला पकडलं. म्हणाल्या, "मिस्त्री, आमचं गाणंही फुटपट्टीने मोजतोस काय? किती इंच भरलं?" बाया हसल्या. मी विचारलं, "तुम्ही त्याला बोलावता, तो आला हे कसं कळतं?" त्या म्हणाल्या, "बोलावतो कुठे? तो आलेलाच असतो."

"मग आलेल्याला पुन्हा पुन्हा काय सांगायचं?"

"तुला आई आहे ना? ती समोर बसलेली असताना तू आई म्हणत नाहीस?"

पण आपल्याकडे उलटं आहे, हे घरी येईपर्यंत डोक्यात राहिलं. आई दिवा लावून हाक मारते ना, ती तिच्या सासूची रीत, आजी-आजोबा उसाच्या शेतांवर होते तेव्हाची. तिकडे पितों गावाला म्हणे ऊस डोक्यावर वाढायचा आणि माणूस दिसायचं नाही. इथे धुक्यात दिसत नाही. "दिवा लागला, यशपाल, घरी ये." बाबांचं नाव ती घेत नाही, म्हणून "यशपालचे बाबा, घरी या." माणूस दिसेपर्यंत म्हणत राहायचं. आला की थांबायचं. घरी आलेल्याला हाक नाही.

एक गोष्ट तुला माहीत नसेल. बाबांनी तुझं नाव घरात बंद केलं, तरी आईने तुझी ओळ सोडलेली नाही. आम्ही दोघे घरी आलो की ती शेवटी एकदा म्हणते, "दिवा लागला," मग तुझ्या नावाएवढी जागा मोकळी सोडते, आणि मग "घरी ये." मी ती जागा मनातल्या मनात मोजली आहे. इंद्राणी बरोबर बसतं.

यशपाल


क्युरपिप,
रविवार, ३ जुलै १९६६

ताई,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. मी त्या इतक्या वेळा वाचल्या की घडीवर कागद फाटला. "बाबा नाव घेऊन बोलावतील तर येईन. दार उघडं आहे म्हणून येणार नाही." आणि खाली, "गाणं कोण थांबवतं ते मला माहीत नाही. मी कधी मोजलं नाही." तुझं अक्षर तसंच आहे.

आईला वाचून दाखवलं. तिला आता बोलायची मनाई आहे, पाटीवर लिहिते. तिने लिहिलं, "बरोबर आहे तिचं."

बाबांना वाचून दाखवायला मला तीन दिवस लागले. ते टाळाची दोरी बदलत होते. मी दाराजवळच उभा राहिलो, म्हणजे जाता येईल. ऐकून घेतलं. दोरीची गाठ दातांनी ओढली. मग म्हणाले, "पाच वर्षं घेतलं नाय ते नाव तोंडात बसत नाय आता."

मी म्हणालो, "एकदा म्हणून बघा."

"तू मला शिकवतो? तिला शिकवलं ते बास झालं." पण उठून गेले नाहीत. दोरी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "पत्र मराठीत आहे?" मी हो म्हणालो. त्यांनी हात पुढे केला. त्यांना वाचता येत नाही हे तुला माहीत आहे. त्यांनी पत्र उजेडाकडे धरलं, परत दिलं.

आईचा आवाज बंद म्हणून आता दिव्याची हाक बाबा मारतात. मला वाटलं होतं ती मोडेल. पहिल्या संध्याकाळी मी बसमधून उतरलो आणि धुक्यातून त्यांचा आवाज आला, भजनातला, सगळी गल्ली ऐकेल असा. पुष्पाकाकी म्हणाल्या, "तुळशीराम, पोराला हाक मारतोस की लढाईला बोलावतोस?" मी फाटकात दिसल्याबरोबर ते मधेच थांबले. मग आत येऊन, आईकडे न बघता, ती शेवटची ओळही म्हणाले. जागा सोडून. आईसारखीच.

ते ती ओळ गाळतील असं मी धरून चाललो होतो. त्यांनी पाच वर्षं ती ऐकली होती आणि त्यांना पाठ होती. याचं काय करायचं ते मला समजत नाही, म्हणून फक्त लिहून पाठवतो.

पायपेटी झाली. मोंपेरांनी वाजवून पाहिली, खूश झाले. शुक्रवारी ती झाकूनच ठेवणार म्हणाले. मी विचारलं, "मग मी दुरुस्त कशाला केली?" ते म्हणाले, "रविवारी मोठी गाणी असतात. शुक्रवारी आम्हाला एकमेकांना ऐकायचं असतं."

यशपाल


क्युरपिप,
रविवार, २४ जुलै १९६६

ताई,

उत्तर सापडलं. पण ते ज्या रीतीने सापडलं ते सांगायला मला लाज वाटते, आणि त्यातून दुसरं एक सांगावं लागतं.

काम संपल्यावर चर्चमध्ये जायला मला निमित्त उरलं नव्हतं. मी तरी गेलो. मागच्या बाकावर बसलो. मादाम एलियान म्हणाल्या, "आज फुटपट्टी आणली नाही? मग गा." मी म्हणालो, मी तुमच्यातला नाही. "तुझा गळा तरी आमच्यातला होऊ दे थोडा वेळ." मला भीती वाटली की हे बाबांना कळलं तर, आणि देवाला कळलं तर काय, आणि कुठल्या देवाला. मग मी हळूच गुणगुणलो. चौथ्या-पाचव्या वेळी आवाज फुटला. ओळ सोपी आहे, तिच्यात चुकायला काही नाही. ती पुन्हा येते तेव्हा आपण आधीच आत असतो. मी मोजायचा थांबलो. हे मला नंतर कळलं.

मी तुझ्या जागी बसलो होतो. मागच्या रांगेत डावीकडून तिसरा बाक, खांबाजवळ. ते एकाएकी ध्यानात आलं आणि पुढची ओळ मी उचललीच नाही. सगळे थांबले.

सगळे, ताई. मला वाटलं, मी यांची प्रार्थना मोडली. बाहेर आल्यावर मी मादाम एलियानची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "कशाबद्दल? कुणीतरी थांबतं तेव्हाच ते थांबतं. कधी मी, कधी ती मार्सेल. आज तू."

"पण एवढ्या आवाजांत माझा एक गेला तर कळलं कसं?"

"जाडा आवाज तेवढाच होता, मो गार्सों, पोरा; म्हाताऱ्यांचे कधीच पातळ झाले. तो गेला तर कळणार नाही? आम्ही गातो त्याहून जास्त ऐकतो."

तेच उत्तर आहे. कुणी थांबवत नाही. कुणीतरी एक ओळ उचलत नाही आणि बाकीचे ते ऐकतात.

आता दुसरं. ती जागा तुझी हे मला माहीत होतं, कारण मी तुला तिथे पाहिलं होतं. १९६१ च्या मे महिन्यात, दारातून. तू शिवणाच्या दुकानातून उशिरा यायचीस तेव्हा कुठे जायचीस ते मला बघायचं होतं. तू डोक्यावर जाळीचा रुमाल घेऊन बायांबरोबर गात होतीस. बाबांना ते मीच सांगितलं. त्या रात्री जेवताना. "ताई चर्चमध्ये गाते, आणि छान गाते," असं म्हणालो. मी कौतुकाने म्हणालो असं पाच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. तू मला बरोबर नेत नव्हतीस याचा मला राग होता. बाकीचं सगळं त्यानंतर झालं.

हे वहीत न लिहिता थेट कागदावर लिहिलं आहे. खाडाखोड दिसेल.

यशपाल


क्युरपिप,
रविवार, ७ ऑगस्ट १९६६

ताई,

तुझं पत्र आलं. "ते मला तेव्हाच आईने सांगितलं होतं. छान गाते असं म्हणालास हेही सांगितलं होतं." म्हणजे पाच वर्षं मी जे लपवून ठेवलं ते तुझ्याकडे आधीच होतं. मी दिवसभर एकच कीड काढत बसलो होतो आणि लाकूड शाबूत होतं, असं वाटलं. रागही आला थोडा. मग गेला.

आता मंगळवारचं, जसं झालं तसं लिहितो.

मी सहाला घरी आलो. बाबांनी माझी हाक थांबवली, आत आले, आईच्या बाजूला उभे राहिले. आईने हात जोडले होते. बाबांनी शेवटची ओळ म्हटली, जागा सोडून. रोज त्यानंतर आई हात खाली घेते आणि आम्ही बसतो. मंगळवारी तिने घेतले नाहीत. बाबांना वाटलं तिला ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटली. आई तशीच. "काय झालं?" बाबा म्हणाले. ती दाराकडे बघत राहिली. त्यांनी पुन्हा म्हटली.

मी तिला चर्चमधलं सगळं सांगितलं होतं, कोण थांबतं तेही. तिने त्यातून काय घेतलं ते तिने पाटीवर लिहिलं नाही.

बाबा चिडतील, दार आपटून बाहेर जातील, असं मला प्रत्येक ओळीनंतर वाटत होतं. मी मोजत होतो, तुझ्यासाठी. दहा वेळा त्यांनी जागा सोडली. त्यांचा आवाज खाली आला, भजनातला राहिला नाही. अकराव्या वेळी "दिवा लागला" म्हणाले आणि त्या जागेत तुझं नाव आलं. सुरात नव्हतं. घशात अडकलेलं काहीतरी निघावं तसं निघालं. आई आता हात खाली घेईल असं मला वाटलं. तिने नाही घेतले. बाबांनी पुन्हा म्हटलं, "दिवा लागला, इंद्राणी, घरी ये." या वेळी सुरात.

पुष्पाकाकी कुंपणापाशी आल्या. "तुळशीराम, कोन आलंय? इंद्रानीची हाक ऐकली मी."

बाबा म्हणाले, "आली असती तर हाक मारली असती काय?"

त्यानंतर रोज म्हणतात. म्हणून आता नीट वाच. येत्या रविवारी, चौदा तारखेला, ये. माएबूर्गहून दुपारची साडेतीनची बस घे, त्यानंतरची भरून येते. इथे गारठा आहे, शाल आण. पाचच्या सुमाराला उतरशील. थेट घरी येऊ नकोस. पुष्पाकाकींकडे बस, चहा पी. सहानंतर ये. आधी आलीस तर तुला हाक ऐकायला मिळणार नाही.

रॉबेर यांच्याबद्दल बाबा काही बोलले नाहीत. नको असंही म्हणाले नाहीत. हे तू ठरव.

यशपाल


क्युरपिप,
रविवार, २१ ऑगस्ट १९६६

ताई,

आईचं ऑपरेशन नीट झालं. तू तिला आदल्या रविवारी पाहून गेलीस, त्याने ती शांत होती असं नर्स म्हणाली. गळ्याला पट्टी आहे. आवाजाचं दोन आठवड्यांनी कळेल. गुरुवारी घरी सोडतील. पाटी उशाशी आहे. तिने लिहिलं, "रॉबेर लाजाळू आहे." मी ते जसंच्या तसं कळवतो.

परत जाताना बसस्टॉपवर तू मला विचारलंस, "मी उंबऱ्यात पाय ठेवला आणि बाबा एकदम गप्प झाले. मग जेवताना मीठ दे एवढंच बोलले. त्यांना मी आलेलं आवडलं नाही ना?" बस आली आणि मला उत्तर देता आलं नाही. दाजी खिडकीतून हात हलवत होते, तू माझ्याकडे बघत होतीस. आठवडाभर तेच डोक्यात आहे.

तू नेहमी दिव्याजवळ आईच्या शेजारी असायचीस. घरी आलेल्याला हाक नाही हे तुला माहीत आहे, पण ते तू आतून ऐकलं आहेस. बाहेरून ऐकत येणारे मी आणि बाबा होतो. धुक्यात आवाजाच्या दिशेने चालायचं असतं. आपलं नाव पुन्हा पुन्हा येत असतं, आणि मग एकदा ते अर्ध्यावर तुटतं. मी लहान होतो तेव्हा मला तेच सगळ्यात आवडायचं. नाव तुटलं म्हणजे आपण दिसलो.

तू आलीस तेव्हा बाबा "दिवा लागला, इंद्राणी" इथपर्यंत आले होते. मी त्यांच्या समोर होतो, मी त्यांचं तोंड पाहिलं. "घरी ये" साठी श्वास घेतला होता. तो त्यांनी तसाच सोडला. आईने हात खाली घेतले.

काल आणि परवा मी घरी असताना त्यांनी दिवा लावला आणि आईसाठी हाक मारली, नाव घेऊन. भगवती, म्हणाले. मी ते नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. तुझ्यासाठी हाक मारली नाही. मी विचारलं, इंद्राणीची ओळ? ते म्हणाले, "ती आली ना रविवारी." मग दिव्याची वात सारखी करत विचारलं, "त्यांच्याकडे दिवा कोन लावतं? तो समुद्रावरून किती वाजता येतो?"

उत्तर लिहून पाठव. मी त्यांना वाचून दाखवीन.

दाजींना नमस्कार.

तुझा,
यशपाल